जनरल वॉर्ड बंद करण्याआधी: आमच्या मिशन दवाखान्याच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व सर्व विश्वस्त,
तसेच आमच्या मंडळीचे (चर्चच्या सभासदांचे) पाळकसाहेब आणि पंच,

सप्रेम सलाम.

रविवारच्या उपासनेनंतर सूचना वाचताना सचिवांनी आपला ठराव वाचून दाखवला. येत्या आर्थिक वर्षापासून जनरल वॉर्ड बंद. खेड्यांवर जाणारी दवाखान्याची गाडी बंद. नर्सिंग होस्टेलची दगडी इमारत आणि तिच्यापुढचे मोकळे आवार दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीला देणार; तिथे मंगल कार्यालय होईल आणि रस्त्याच्या बाजूने गाळे निघतील. त्याच कागदावरची पुढची सूचना पाचारण रविवारची होती. त्या दिवशी तरुणांना प्रभूच्या सेवेसाठी पुढे येण्याचे आवाहन होणार आहे, बाहेरून वक्ते येणार आहेत, नंतर प्रीतिभोजन आहे. दोन्ही सूचना एकाच आवाजात वाचल्या गेल्या. लोक 'आमेन' म्हणून उठले आणि चपला शोधायला लागले.

मी आधी तोंडी विचारले. मग लेखी अर्ज दिला, ऑफिसात त्यावर आवक क्रमांकाचा शिक्काही मारून घेतला. उत्तर आले नाही. दवाखाना तुमच्या खिशातला नाही आणि माझ्याही नाही. तो ज्यांच्यासाठी उभा राहिला त्यांतले बहुतेक लोक आपल्या चर्चमध्ये कधी बसलेले नाहीत, त्यामुळे तुमचा ठराव त्यांनी ऐकलेलाच नाही. त्यांनाही कळावे म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे.

मी कोण, असे कोणी विचारील म्हणून सांगते. मी याच दवाखान्याच्या शाळेत नर्सिंग शिकले, इथेच स्टाफ नर्स झाले आणि जनरल वॉर्डची सिस्टर म्हणून निवृत्त झाले. माझा बाप्तिस्मा याच मंडळीत झाला, लग्न इथेच लागले, माझ्या यजमानांना मिशनच्या कबरस्तानातच ठेवले आहे. त्याहून जुना हक्क हवा असेल तर तोही आहे, आणि तो तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा माझ्याइतकाच आहे. आपल्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. त्यांची नाडी बघायची तर वैद्य लांबूनच विचारपूस करून पुड्या टाकायचा. आमच्या घराण्यात तरी पहिल्यांदा ज्या दारातून 'आत या, बसा' असा शब्द आला ते दार दवाखान्याचे होते. चर्चचे दार त्यानंतर आले. तेव्हा जनरल वॉर्डबद्दल मी जे बोलते आहे ते जुन्या नोकरीच्या मायेने बोलते आहे, असे समजून बाजूला टाकू नका.

तुमची अडचण मला दिसते. बाहेरचा पैसा आटला. २०२० मध्ये परकीय देणग्यांचा कायदा बदलला. अशा देणगीतून प्रशासकीय खर्च करायची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि एका संस्थेने आपली देणगी दुसरीला देण्याची वाट बंद झाली. एमडी झालेला मुलगा तालुक्याच्या गावी राहायला तयार नसतो, आणि तयार झाला तरी त्याची बायको शाळा कोणती आहे ते विचारते. ऑक्सिजन, वीज, जैविक कचऱ्याची गाडी, अग्निशमनाचा दाखला, सगळ्याला पैसे लागतात. जनरल वॉर्ड तोट्यात आहे, हे तुम्ही ठरावात लिहिले ते खरे आहे.

तो नेहमीच तोट्यात होता. तोट्यात चालावा म्हणूनच तो काढला होता. त्या तोट्याची भरपाई व्हावी म्हणून मागाहून स्पेशल रूम बांधल्या. व्यापारी, बागायतदार, सरकारी साहेब तिथे राहायचे आणि त्यांच्या बिलातून वॉर्डातल्या बाळंतिणीचे दूध यायचे. आमच्या मेट्रन नव्या मुलींना हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगत. आता तुम्ही स्पेशल रूम ठेवता आहात आणि वॉर्ड काढता आहात. ज्याच्यासाठी कमवायचे तेच उरले नाही, तर कमावणार कशासाठी, एवढे एक वाक्य ठरावात कुठे सापडले नाही.

वाटेत लुटून जखमी टाकलेल्या परक्याला उचलणाऱ्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकतो. मला तिच्यातला शेवटचा भाग जास्त आवडतो, ज्यावर सहसा कोणी उपदेश करत नाही. तो मनुष्य जखमीला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, सकाळी मालकाला दोन दीनार देतो आणि सांगतो की याहून जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. म्हणजे डिपॉझिट त्याने भरले आणि बिल उघडे ठेवले. पुढे त्या जखमीने पैसे फेडले की नाही, तो शोमरोनी झाला की नाही, याबद्दल ही गोष्ट लिहिणारा लूक एक अक्षर लिहीत नाही. आपल्या काउंटरवर आता पाटी आहे: डिपॉझिट भरल्याशिवाय ॲडमिशन होणार नाही. त्या पाटीच्या वर त्याच शोमरोन्याचे रंगीत चित्र आहे. चित्र कोणी दान दिले तेही खाली लिहिले आहे.

आता वॉर्डात काय होते, ते तुमच्यातल्या नव्या विश्वस्तांसाठी सांगते, कारण काहींनी तो आतून पाहिलेला नाही.

जळिताच्या केसेस यायच्या. बहुतेक तरुण बायका. स्टोव्ह भडकला, असे जबाबात लिहिले जायचे. साठ-सत्तर टक्के भाजलेल्या बाईच्या खाटेजवळ सासरचे दोन दिवस थांबायचे, मग एकेक करून गावाला जायचे. माहेरचे आले तर आले. तेव्हा आमच्याकडे एक आयाबाई होत्या. त्यांना सही येत नव्हती, पगाराच्या पत्रकावर अंगठा लावायच्या. केळीची पाने आणायची, धुऊन, कापून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायची आणि जखमेवर ठेवायची, म्हणजे ड्रेसिंग काढताना कातडी ओढली जात नाही. हे काम डॉक्टरांनी आम्हाला शिकवले, पण हाताला ते बसले आयाबाईंच्या. वास असा असायचा की शिकाऊ मुली व्हरांड्यात जाऊन ओकायच्या. आयाबाई त्या खाटेजवळ बसून भाकरी खायच्या. मी एकदा म्हटले, बाई, बाहेर जाऊन जेवा की. त्या म्हणाल्या, "मी उठले तर तिला कळंल ना, वासामुळं उठले म्हणून."

मी आयुष्यभर उपदेश ऐकले, काही चांगलेही होते. पण प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, हे बायबलमधल्या करिंथकरांस पत्रातले वचन कानावर आले की मला ती भाकरी आठवते. त्या आयाबाई आपल्या मंडळीच्या सभासद नव्हत्या. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, तो घ्या असे आम्ही त्यांना कधी म्हटलेही नाही. वारीला जायच्या, आषाढीला रजा घ्यायच्या, आणि नाताळात कॅरल म्हणणाऱ्या पोरांना चहा द्यायच्या. आपल्याच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे काम सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना त्यात सारखीच जागा ठेवली होती. कीर्तनाला आपण टिळकांचे अभंग म्हणतो. दरबार मात्र आपण कुठे ठेवला, ते ज्याने त्याने सांगावे. मला तो त्या वॉर्डात दिसला होता.

हे झाले त्या वॉर्डाचे. आता मनात साचलेल्या गोष्टी सांगते.

पहिली गाडीची. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आपली गाडी वस्त्यांवर जाते; गरोदर बायकांचे रक्तदाब, मुलांचे वजन, टीबीच्या गोळ्या संपल्या का, कुष्ठरोग्याच्या तळपायाचा व्रण भरला का, एवढेच काम. डिझेल परवडत नाही म्हणून ती तुम्ही बंद करता आहात. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी याच कामाला हात घातला, तो कायम दुष्काळी भागात. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला, हे त्या कॉलेजचे ब्रीद आहे आणि ते बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातून घेतले आहे. आरोळे दांपत्याने मोठी इमारत आधी बांधली नाही. गावाने निवडलेल्या बायकांना, त्यांत कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्या बाईला गावात कोणी घरात घेत नव्हते तिच्याच हाती बाळंतपण आले, लहान मुलांचे आजार आले, आणि बालमृत्यू खाली आले. १९७९ मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातून लोक जामखेडला शिकायला येतात. आपले विश्वस्त मंडळ शिकायला कुठे गेले, तर मंगल कार्यालयाचा नमुना बघायला पुण्याला, असे ऐकते.

दुसरी गोष्ट ऊसतोडीच्या बायकांची. आपला तालुका त्या पट्ट्यातला आहे. कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पोटात दुखले तरी बाई थांबत नाही, आणि थांबली की तिला कुणीतरी सांगतो, पिशवी (गर्भाशय) काढून टाक, कटकट मिटेल. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातले हे प्रकरण विधिमंडळात गाजले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधीही अशा बायका आपल्या ओपीडीत यायच्या. आपल्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणायच्या, तुला काही झालेले नाही, पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या घे, पंधरा दिवसांनी ये. ऑपरेशनचे पैसे घेऊन आलेल्या बाईला परत पाठवायच्या. हिशेबाच्या वहीत याची नोंद कुठे होणार? जे ऑपरेशन केलेच नाही त्याचे उत्पन्न शून्य असते. गिऱ्हाईक आपल्या पायांनी आले असताना 'तुला याची गरज नाही' असे सांगणारा दवाखाना तालुक्यात एक होता. तो तुम्ही स्पेशल रूमच्या भरवशावर चालवायला निघालात, तर हे वाक्य तिथे फार दिवस ऐकू येणार नाही. डॉक्टर वाईट असतील म्हणून नाही. महिनाअखेरीला आकडा मागितला जाईल म्हणून.

तिसरी गोष्ट बोलायला मला जड जाते, पण बोलते. पाचारण हा शब्द आपण पगार कमी देण्यासाठी वापरत आलो. सिस्टरने ओव्हरटाइम मागितला की कमिटी म्हणायची, ही सेवा आहे, धंदा नाही. वॉर्डबॉयने कायम करा म्हटले की त्याला प्रार्थना करायला सांगितले जायचे. आज दवाखान्यात निम्म्याहून जास्त मुली कंत्राटावर आहेत. अकरा महिन्यांनी कागद संपतो, एक दिवस घरी बसवतात आणि पुन्हा नवा कागद करतात. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी द्यायची, हा देशात १९७२ पासूनचा नियम आहे; तो चुकवण्यासाठीच हा एक दिवसाचा खाडा असतो, हे सगळ्यांना समजते. जो मनुष्य स्वतःच्या इच्छेने आपले हक्क सोडतो त्याचे ते अर्पण आहे. दुसऱ्याच्या हक्कातून आपण काही काढून घेतले आणि त्याला अर्पण म्हटले, तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काय म्हणतो ते पाळकसाहेबांना मी सांगायला नको. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असे त्यात लिहिले आहे. पाचारण रविवारी तुम्ही तरुण मुलींना पुढे बोलावणार. त्या पुढे येतील. त्यांच्या मोठ्या बहिणी कंत्राटावर कशा राबतात ते बघूनही येतील, म्हणून त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते.

चौथी अगदी किरकोळ वाटेल. नाताळच्या आठवड्यात आपले पदाधिकारी वॉर्डात केळी आणि बिस्किटे वाटायला येतात. एका केळ्यामागे चार हात असतात, आणि ज्याला ते द्यायचे त्याचे तोंड फोटोत यावे म्हणून त्याला उठवून बसवतात. एकदा तर सलाईन चालू असलेल्या आजीला उठवले. पुण्य सप्ताहातल्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतले जातात. ते बाराही जण घरून पाय धुऊन, स्वच्छ मोजे घालून आलेले असतात. विधीला माझा विरोध नाही, लहान मुलांना त्यातून कळते. पण त्याच रस्त्याला पन्नास पावलांवर मधुमेहाने सडलेले पाय दर सोमवारी ड्रेसिंगच्या रांगेत बसतात, आणि तो विभागही जनरल वॉर्डाबरोबर बंद होणार आहे.

मंडळी प्रौढ झाली, असे आपण शतकोत्सवात म्हटले. मिशनऱ्यांच्या हाताखालून निघालो, आपला कारभार आपण करतो, खरे आहे. पण पौलाने इफिसकरांना लिहिताना प्रौढपणाचे माप ख्रिस्ताचे दिले आहे, आणि त्याआधी सांगितले आहे की जी दाने मिळाली ती पवित्र जनांना सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करायला मिळाली. जागा वाढली, गाडी आली, पाळकगृहाला ग्रॅनाइट बसले, याला वाढ म्हणता येईल. मी नर्स आहे, वजन वाढले म्हणजे मूल सुदृढ झाले, असे मी कधी लिहिले नाही. मंडळी परिपक्व झाली की नाही, ते मला एकाच गोष्टीवरून कळते: जो परत काही देऊ शकत नाही, मतही देऊ शकत नाही, आणि 'थँक यू' म्हणायलाही शुद्धीवर नाही, त्याच्यासाठी ती मंडळी आपले नुकसान सोसते का, आणि तेही कोणी बघत नसताना. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले तेव्हा तिकडचे संस्थानिक त्यांच्याकडे उपचाराला येत आणि रस्त्यावरचा महारोगीही येई. परक्या देशातून आलेल्या माणसाला ते जमले. आपण तर इथलेच.

बाईमाणसाने असे चारचौघांत लिहावे का, असे एका पंचांनी माझ्या मुलाला विचारले. त्यांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावची आठवण करून देते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग होता, आणि सरकारी प्लेग इस्पितळात बायकांची आबाळ होते म्हणून रमाबाईंनी १८९७ मध्ये 'बॉम्बे गार्डियन' या वृत्तपत्राला पत्र लिहून थेट सरकारला जाब विचारला. सरकार ख्रिस्ती होते, रमाबाईही ख्रिस्ती होत्या. आपल्यांचे झाकावे, असे त्यांना वाटले नाही. केडगावच्या १९०५ च्या संजीवनाची, म्हणजे तिथे झालेल्या आत्मिक जागृतीची, आठवण आपल्या प्रार्थनासभांत नेहमी निघते, लोक डोळे मिटून तसा पवित्र आत्मा मागतात. त्याच केडगावला आंधळ्या मुलींना वाचायला शिकवत होते, समाजाने बदनाम ठरवलेल्या बायकांसाठी कृपा सदन चालवत होते, छापखाना, माग, दूधदुभते सगळे बायका करत होत्या. ही अर्धी गोष्ट प्रार्थनासभेत सांगायला आपल्याला वेळ पुरत नाही.

कायद्याचेही दोन शब्द लिहिते, कारण ठरावात ते नाहीत. आपला ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे. त्यातल्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जमीन विकायचीच काय, बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तरी धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. कलम ४१ एए आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय दवाखान्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलांतले दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. वॉर्डच नसेल तर या खाटा कुठे असतील? स्पेशल रूममध्ये? तसे करणार असाल तर आनंदाने करा, मी पहिली चादर घालायला येते. सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारत आहे. गरिबांचे ऑपरेशन त्यातून होते, मग वॉर्ड कशाला, असे एक विश्वस्त मला म्हणाले. तर मग आपला दवाखाना त्या योजनेत का नाही, हे त्यांनीच सांगावे. अर्ज भरायचा कंटाळा, की बिले उशिरा निघतात म्हणून? योजनेत आलो तर वॉर्डाचा बराचसा तोटा भरून निघेल. जे पॅकेजमध्ये बसत नाही ते मग आपण करायचे: ज्याला घरी नेणारे कोणी नाही त्याचे चार दिवस जास्तीचे जेवण, म्हाताऱ्याची कूस बदलणे, मरायला टेकलेल्याच्या उशाशी रात्री कोणीतरी बसणे.

माझ्या, आणि माझ्याबरोबर सही करणाऱ्या निवृत्त सिस्टर, आयाबाई व काही सभासदांच्या मागण्या अशा आहेत.

एक. जनरल वॉर्ड, ड्रेसिंग विभाग आणि गाडी बंद करण्याचा ठराव स्थगित करा. मंडळीची विशेष सभा बोलवा आणि त्या सभेला दवाखान्याच्या कर्मचाऱ्यांना, ख्रिस्ती असोत नसोत, बोलू द्या.

दोन. गेल्या दहा वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि निर्धन रुग्ण निधीची जमा-खर्च पत्रके सगळ्यांना बघता येतील अशी ठेवा. तोटा किती आणि कशामुळे, ते आम्हालाही वाचता येते.

तीन. होस्टेल आणि आवाराबाबत कंपनीशी काय बोलणे झाले, किती मुदत, किती भाडे, ते जाहीर करा. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय कागदावर सही करू नका.

चार. सहा महिन्यांत दवाखाना सरकारी योजनांत आणा. 'डिपॉझिटशिवाय ॲडमिशन नाही' ही पाटी काढा. शोमरोन्याचे चित्र राहू द्या.

पाच. कंत्राटावरच्या सिस्टर, आया आणि वॉर्डबॉय यांना कायद्याने मिळणारे सगळे द्या, आणि जे निवृत्त झाले किंवा वारले त्यांची थकलेली ग्रॅच्युइटी त्यांच्या वारसांना द्या. अंगठा लावणाऱ्यांचीही.

सहा. विश्वस्त मंडळावर दोन जागा नर्स आणि आया यांच्यासाठी ठेवा. उपकार म्हणून नाही. खाटेवरच्या माणसाला काय लागते ते मंडळात बसलेल्या कोणाला तरी माहीत असावे.

सात. प्रत्येक विश्वस्ताने आणि पंचाने महिन्यातून एक पाळी वॉर्डात काढावी. बेडपॅन उचलावे लागेल. फोटो काढायचा नाही.

यातली सातवी मागणी वाचून तुम्हाला हसू येईल, पण आम्ही ती थट्टेने लिहिलेली नाही. तिच्यावर हवे तर सगळ्यात शेवटी बोलू, पण बोलू.

आमच्याकडूनही एक शब्द देते. आम्ही निवृत्त सिस्टर आळीपाळीने ड्रेसिंग विभाग आणि गाडीवरचे काम बिनपगारी करायला तयार आहोत. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला चष्म्याशिवाय सुई दिसत नाही, तरी पाच-सहा जणी नक्की उभ्या राहू. पण आम्ही फुकट काम करतो म्हणून तरुण मुलींची एकही जागा कमी करायची नाही. तसे झाले तर आम्ही त्याच दिवशी घरी जाऊ. पाचारण रविवारी मला व्यासपीठावर दोन मिनिटे द्या, हा शब्द मी तिथून पुन्हा देईन आणि कोण कोण येतो ते विचारीन.

या पत्राचे उत्तर मला घरी पाठवू नका. चर्चच्या सूचना फलकावर लावा आणि ओपीडीच्या भिंतीवर केसपेपरच्या खिडकीशेजारीही लावा. तिथे वाचणारे जास्त असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवायला सोमवारी सकाळी मी बाकावर येऊन बसेन.

प्रभूमध्ये आपली,
जनरल वॉर्डची एक निवृत्त सिस्टर
आणि याच मंडळीची सभासद